भिंत होईपर्यंत

मी बोलतोय, आणि माझं मलाच नवल वाटतंय. लेखणी बोलते, छत्री बोलते, फाटकं पुस्तकसुद्धा आपली रडकथा सांगून जातं. पडद्याला मात्र कुणी कधी तोंड उघडायला सांगितलं नाही. पडद्याने गप्प राहावं, तेच त्याचं काम. मीही एकोणीस वर्षं तसंच समजत होतो.

दवाखान्यातला हिरवा पडदा मी. सुती, जरा जाडसर, वर अकरा पितळी कड्या आणि खाली चार बोटं दुमड. सांगताना मागचं पुढे आणि पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या, कारण माझं अर्धं आयुष्य पेंगण्यात गेलं आहे. वर पंखा, पलीकडे खिडकी. दुपारचं ऊन माझ्यातून गाळून आत यायचं आणि खाटेवरची चादर, औषधांचं कपाट, डॉक्टरांचे पांढरे केस असं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हिरवट दिसायचं. अशा उजेडात कुणाचाही डोळा लागेल.

कापडाच्या दुकानात मी एका ताग्यात गुंडाळलेला होतो, तेव्हा डॉक्टर आणि त्यांची बायको, डॉक्टरीणबाई, मला घ्यायला आले. डॉक्टरांना पांढरं कापड हवं होतं. "पांढरं नको," बाई म्हणाल्या, "एक थेंब रक्त पडलं तरी बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हिरवं बरं, शांत वाटतं." झालं, ठरलं. घरी नेऊन त्यांनीच मला मशीनवर शिवलं. डॉक्टर शेजारी बसून म्हणाले, "एवढं निगुतीने कशाला शिवतेस? भिंत होईपर्यंतच लावायचाय."

"तुमची भिंत मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुमड दोनदा शिवली. शहाणी बाई.

दवाखाना म्हणजे एकच लांब खोली. पलीकडे पेशंटची बाकं, अलीकडे डॉक्टरांचं टेबल आणि तपासायची खाट. मधे भिंत घालून दार बसवायचं असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. आधी गवंडी मिळेना. मग मिळाला, तर डॉक्टर चार दिवस दवाखाना बंद ठेवायला तयार होईनात. मग सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आणि भिंतीच्या जागी मी तो मीच राहिलो.

डॉक्टरांच्या काही सवयी मला फार आवडायच्या. खाट त्यांची, दवाखाना त्यांचा, तरी पेशंट कपडे सैल करत असला की ते माझ्या पलीकडे, बाकांपाशी थांबून विचारायचे, "येऊ का?" हो म्हटल्याशिवाय त्यांनी मला कधी बाजूला सारलं नाही. छातीला लावायची नळी आधी तळहातावर घासून कोमट करायचे. हात लावण्याआधी सांगायचे, "आता पोटावर दाबतो, दुखलं तर लगेच सांगा." सिस्टरांना एकदा म्हणाले होते, "कपडे उतरवायला माणसाला जेवढं जड जातं ना, त्याहून जड जातं आजार बोलून दाखवायला. आपण नजर जपतो. कान आणि तोंडही तसंच जपायला हवं."

एकदा एका म्हाताऱ्याच्या मुलांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन हात जोडले. बाबांना दुखणं काय आहे ते सांगू नका म्हणाले, ते खचतील. डॉक्टर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आत येऊन म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" आजोबा म्हणाले, "सगळं सांगा. फक्त मला कळलंय हे पोरांना सांगू नका, ती खचतील." डॉक्टरांनी आजोबांना सगळं सांगितलं आणि मुलांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. पुढे चार महिने बाप आणि मुलं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत या दवाखान्यात येत राहिली, आणि आत येणाऱ्याचे आणि बाहेर बसणाऱ्यांचे डोळे मी एकट्यानेच पाहिले.

त्या दिवसांत मला फार चढली होती हं. वाटायचं, आपण आहोत म्हणून या माणसांची अब्रू आहे. भिंतीलाही कान असतात म्हणे. मग मी भिंतीहून बरा, असा माझा तोरा. खरं तर हे डॉक्टरीणबाईंचं श्रेय होतं. त्या दुपारी डबा घेऊन यायच्या आणि बाकांच्या बाजूने कधी कधी हाक मारायच्या, "अहो, हळू. मला सगळं ऐकू येतंय." की डॉक्टरांचा आवाज खाली. इतकी साधी गोष्ट, पण ती त्यांच्याशिवाय कुणाला जमली नाही.

मग त्या गेल्या. तीन आठवड्यांच्या आजारात. डॉक्टर पाचव्या दिवशी दवाखान्यात आले, मला धरून थोडा वेळ उभे राहिले. त्यांचा अंगठा दुमडीवर होता. मग म्हणाले, "सिस्टर, पहिल्या पेशंटला बोलवा."

त्यानंतर हळूहळू एक बदल झाला. पेशंट हळू बोलला की डॉक्टर पुढे वाकू लागले. "काय म्हणालात? जरा मोठ्याने." पेशंटही मग मोठ्याने बोलायचा. त्यावर डॉक्टर आणखी मोठ्याने. मूळव्याध काय, नि घरातली भांडणं काय, सगळं माझ्यातून आरपार पलीकडे. बाकांवरची माणसं छताकडे बघत बसायची. डॉक्टरांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. आणि बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज मोठा वाटत नाही, ही त्यातली गंमत. गंमत कसली, कर्म.

मला दिसत होतं. मी काय करणार? फार तर पंख्याच्या वाऱ्याने त्यांच्या खांद्याला लागायचो. ते मला बाजूला सारायचे.

आता गाण्याच्या बाईंबद्दल सांगतो. पलीकडच्या रस्त्यावर बालवाडी आहे, तिथल्या त्या शिक्षिका. पोरांना जेवण, झोप, भांडण सगळं गाण्यातूनच शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना गाण्याच्या बाई म्हणत. सहा वर्षांपूर्वी त्या थोरल्या बहिणीबरोबर पहिल्यांदा आल्या. त्यांना फिट यायची. डॉक्टरांनी अर्धा तास दिला. हा मेंदूतला आजार आहे, तुमचा दोष नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि मनाने तर कधीच बंद करायच्या नाहीत, असं बजावलं. बाईंनी एकच विचारलं, "बालवाडीत कळलं तर?"

"ही तुमची गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. तेव्हा त्यांचे कान ठणठणीत होते, आवाज इतका हळू की मलाही कान द्यावा लागला. "कुणाला सांगायची, कधी सांगायची, तुम्ही ठरवा. माझ्या तोंडून जाणार नाही." बाईंनी शब्दावर विश्वास ठेवला आणि गोळ्या सुरू केल्या. गेली दोन वर्षं एकही फिट नव्हती.

तो दिवस मी विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. बाई नेहमीसारख्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या होत्या. डॉक्टर पुढे वाकले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी कुजबुजले, "फिटच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

बाईंनी मान डोलावली.

"वर्गात, मुलांसमोर, कधी आली नाही ना?"

"नाही," बाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

"काय? जरा मोठ्याने बोला."

"नाही आली."

माझ्या पलीकडे, बाकाच्या टोकाला, एक आई खोकणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगा म्हणाला, "आई, आमच्या बाई आहेत आत." आईने मुलाला जवळ ओढलं. मी दोन्हीकडे एकाच वेळी होतो. एका बाजूने बाईंचा श्वास लागत होता, दुसऱ्या बाजूने त्या आईचा, आणि मी त्या दोघींच्या मधे साधं फडकं होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली.

त्या आईला मी वाईट म्हणणार नाही. ती घाबरली. तिने एकीलाच सांगितलं, तेही शपथ घालून. पण गोष्ट षट्कर्णी झाली की तिला पाय फुटतात. आठवड्यात बालवाडीतली नऊ मुलं घरी बसली. मुख्य बाईंनी गाण्याच्या बाईंना चहा पाजला आणि म्हणाल्या, "थोडे दिवस विश्रांती घ्या."

हे सगळं आम्हाला कळलं ते दहा दिवसांनी, बाईंची थोरली बहीण आली तेव्हा. ती उभ्यानेच बोलली. "डॉक्टर, तिने गोळ्या सोडल्यात. म्हणते, मला आजारच नाही, मग गोळ्या कशाला. दारातून बाहेर पडत नाही."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "असं एकदम सोडणं धोक्याचं आहे. जिवावर बेतेल. पण बालवाडीत कुणी सांगितलं?"

ताई म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत. इथून."

ती गेल्यावर डॉक्टर खुर्चीत बसून राहिले. मी कुणापाशी बोललो, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. सिस्टरांनी हातातली पट्टी गुंडाळून ठेवली. फटकळ बाई, एरवी कुणाची भीड ठेवायची नाही. त्या दिवशी मात्र आधी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"डॉक्टर, एक बोलते, राग मानू नका. तुम्हाला ऐकू कमी येतं. दोन वर्षं झाली. तुम्हाला वाटतं हळू बोलताय, पण तुम्ही ओरडत असता."

"दोन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीत?"

"वहिनी गेल्या आणि तुम्ही निम्मे झालात. म्हटलं, आता हे सांगून उरलेलंही कशाला काढून घ्या. चुकलंच माझं."

डॉक्टरांचा विश्वास बसेना. मग त्यांनी एक परीक्षा घेतली. दवाखान्यात कुणी नव्हतं. सिस्टरांना कागद देऊन बाकाच्या शेवटच्या टोकाला बसवलं, मला पूर्ण ओढलं आणि आत खाटेवर बसून म्हणाले, "मी आता कुजबुजतो. ऐकू येईल तेवढं लिहा." पेशंटचं काही बोलायचं नाही, म्हणून जरा विचार केला. मग अगदी माझ्या दुमडीला तोंड लावून बोलले.

सिस्टर परत आल्या, कागद दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कागदावर लिहिलं होतं, 'तू गेल्यापासून मी रेडिओ मोठ्याने लावतो, तरी घर गप्पच असतं. डबा मी रोज दोघांचा भरतो.'

"एवढं सगळं?" डॉक्टर म्हणाले.

"शेवटचं तर रस्त्यावरूनही ऐकू गेलं असेल."

डॉक्टरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी नळीने छाती तपासणं बंद केलं. कान तपासून यंत्र मिळेपर्यंत तसे पेशंट शेजारच्या तरुण डॉक्टरिणीकडे पाठवायचे. बाकीच्यांशी कागदावर लिहून बोलू लागले. सगळ्यांना वाटलं घसा बसलाय. बाईंच्या घरी ते दोनदा जाऊन आले. दार उघडलं नाही, हे सिस्टरांना सांगताना त्यांनी लिहिलं नाही, बोलूनच दाखवलं.

आणि मग व्हायचं तेच झालं. तिसऱ्या आठवड्यात बाईंना चुलीपाशी फिट आली. उकळतं दूध हातावर सांडलं. ताई घरातच होती म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. ताईने त्यांना धरून आणलं ती भर सकाळची वेळ. बाकं भरलेली होती, आणि योगायोग म्हणा की दुर्दैव, ती मुलाची आईही त्यात होती.

डॉक्टरांनी स्वतः हात धुऊन पट्टी बांधली. बाई माझ्याकडे बघत होत्या. इतकं रोखून मला कधी कुणी बघितलं नव्हतं. पट्टी झाल्यावर डॉक्टरांनी कागद ओढून लिहिलं, 'माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मला क्षमा करा. गोळ्या पुन्हा सुरू करा.'

बाईंनी वाचलं आणि कागद परत ठेवला. "कागदावर नको," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना ओठांवरून कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द. "माझं सगळ्यांनी ऐकलं. तुमचंही सगळ्यांनी ऐकू दे. माझ्या आजाराचं नाव मात्र पुन्हा घ्यायचं नाही."

डॉक्टर उठले. त्यांनी मला धरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारलं. माझ्या अकराही कड्या खळखळल्या. एकोणीस वर्षांत पेशंट आत असताना मी कधी असा उघडलो नव्हतो.

"मंडळी," डॉक्टर म्हणाले. आवाज मोठा होता. "माझ्या एका पेशंटने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी इथे मोठ्याने बोललो. ती बाहेर गेली आणि त्या माणसाचं नुकसान झालं. दोष सगळा माझा. मला ऐकू कमी येतं. दोन वर्षांपासून येतं आणि मला कळलं नाही. असा डॉक्टर ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. मला राग नाही."

मग कोपऱ्यातले एक आजोबा खाकरले. "डॉक्टर, आम्हाला माहीत होतं. इथे सगळ्यांनाच माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून कुणी बोललं नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. चांगली माणसं हो, डॉक्टरांवर जीव होता त्यांचा.

तेव्हा गाण्याच्या बाई खाटेवरून उतरल्या आणि डॉक्टरांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बांधलेला हात छातीशी धरला होता. त्या कुणावर ओरडल्या नाहीत.

"तुमचं गुपित या सगळ्यांनी दोन वर्षं सांभाळलं, डॉक्टर. माझं एक आठवडाही नाही."

पंखा चालू होता तरी मी हललो नाही. मुलाच्या आईने मान खाली घातली. थोड्या वेळाने ती बाकावर सरकली आणि शेजारी जागा केली. बाई बसल्या नाहीत. डॉक्टरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या लिहून द्या." डॉक्टरांनी लिहिल्या. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच आठवड्यात दवाखाना चार दिवस बंद राहिला, गवंडी आला, भिंत झाली, दार बसलं. जे एकोणीस वर्षांत जमलं नाही ते चार दिवसांत झालं. डॉक्टरांच्या कानात यंत्र आलं. बालवाडीला पत्र लिहू का, हे त्यांनी आधी बाईंना विचारलं. काय लिहायचं आणि काय नाही, तेही बाईंनीच सांगितलं. बाई कामावर परतल्या. पालकांना बोलावून आपल्या आजाराबद्दल जे सांगायचं ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, फिट आलीच तर काय करायचं हेही दाखवलं. नऊतली सहा मुलं परत आली, तीन आली नाहीत. हातावरचा डाग राहिला.

आणि मी? भिंत झाल्यावर माझं काय काम. सिस्टरांनी मला धुऊन, घडी घालून कपाटावर ठेवलं. एक दिवस बाई गोळ्यांना आल्या आणि म्हणाल्या, "तो पडदा मी नेऊ का? पोरांना खेळायला." डॉक्टरांनी माझ्या दुमडीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मला त्यांच्या हातात दिलं.

आता मी बालवाडीच्या कोपऱ्यात टांगलेला असतो. रंग विटलाय, दोन कड्या तुटल्यात, खालच्या बाजूला कुणीतरी खडूने मांजर काढलंय. दुपारी पोरं निजली की मीही डोळे मिटतो आणि तो जुना हिरवा उजेड दिसतो. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो, पडद्याला भिंत समजू नका. मी दृष्टीआड करतो, बस, तेवढीच माझी ताकद. डॉक्टर असा, शेजारी असा, कुणी असा. समोरच्याने विश्वासाने काही सांगितलं तर आपला आवाज आपणच सांभाळा.

काल एक बारका मुलगा रडवेला होऊन बाईंना ओढत माझ्याआड घेऊन आला. पाय आपटत म्हणाला, "बाई, माझी चड्डी ओली झाली. कुणाला सांगू नका." त्याचा आवाज चांगला चौघांना ऐकू जाईल एवढा होता. बाई खाली बसल्या. मग उठून बाहेर कोण आहे ते पाहिलं, पुन्हा बसल्या, मला दोघांभोवती गुंडाळून घेतलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाल्या. पोराचं रडं थांबलं. मी त्या दोघांच्या अंगाला लागून होतो, तरी त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.